दहा हजार बोटुकली आणि पहाटेचं पाणी: नाशिकच्या एका डोहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमध्ये गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा बाहेरगावचा असतो. इथे ती गंगा. ‘गंगेवर जाऊन येतो’, ‘गंगेला पाणी आलंय’, ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं’ ही इथली भाषा. पूर किती चढला ते घाटावरच्या त्या मूर्तीवरून सांगतात. त्या एका नावामुळे एक घोटाळा मात्र होतो. शहरातून वाहते ती एकच नदी आहे असं वाटत राहतं. माशाला विचारलं तर तो पाच-सहा वेगळ्या नद्या सांगेल.

गंगापूर धरणाखाली सोमेश्वरपर्यंत पात्र खडकाळ आहे. काळ्या पाषाणावरून पाणी आपटत, फेसाळत जातं. आनंदवल्लीला बंधाऱ्यामुळे ते थांबतं आणि पसरतं. पुढे घाट लागतात आणि रामकुंडाच्या परिसरात तळाला काँक्रीट येतं. वाघाडी आणि नासर्डी शहराचं पाणी घेऊन मिळतात. तपोवनाच्या खाली पात्र रुंद, संथ आणि उन्हाळ्यात पाणवेलींनी हिरवंगार होतं. तिथून दसक-पंचक, सायखेडा करत नदी नांदूरमध्यमेश्वरला कादवेला भेटते. तिथल्या बंधाऱ्याचा फुगवटा जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाला. उन्हाळ्यात या सगळ्या लांबीत वाहतं ते मुख्यतः दोन प्रकारचं पाणी असतं. एक धरणातून सुटलेलं आवर्तन आणि दुसरं शहराने वापरून सोडलेलं. आवर्तन बंद झालं की दुसरंच उरतं.

मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. सकाळी नदीकाठी फिरणाऱ्यांचा एक गट आहे, त्यातल्या काहींशी माझी तोंडओळख होती. निवृत्त नोकरदार, दोन-तीन दुकानदार, एक शाळामास्तरीण आणि गटाचे अघोषित प्रमुख नाना. चैत्रात नानांच्या आईचं वर्षश्राद्ध होतं. त्यानिमित्त गंगेत दहा हजार मासे सोडायचे, असं त्यांनी ठरवलं.

‘सर, आई रोज गंगेवर यायची. कणकेच्या गोळ्या टाकायची माशांना. आता गोळी टाकली तर खायला येतं कोण? नुसता वास येतो.’

भावनेत खोट काहीच नव्हती. रोहू आणि कटल्याच्या बोटुकल्यांची, म्हणजे बोटभर लांबीच्या पिल्लांची, मागणीही त्यांनी नोंदवून टाकली होती. एप्रिलात ताजं बीज मिळत नाही. हे मासे पावसाळ्यात वितात, त्यामुळे आदल्या हंगामातली, दाटीत ठेवून वाढ रोखलेली बोटुकली मिळणार होती. माझ्याकडून त्यांना हवं होतं ते एवढंच की पाणी ‘चालेल’ असं कोणीतरी जाणत्याने म्हणावं.

नावं आणि डोहाची नेमकी जागा इथे मुद्दाम दिलेली नाही. आबांना, म्हणजे या गोष्टीतल्या भोई आजोबांना, तिथे अजून जाळं टाकायचं आहे.

प्रश्न

ज्या डोहात मासे सोडायचे होते तो तपोवनाच्या खालच्या अंगाला. आदल्या उन्हाळ्यात तिथे दोनदा मेलेले मासे तरंगले होते. गटाने त्याचा सरळ अर्थ लावला होता: मासे मेले, कमी झाले, तेव्हा नवे आणून सोडायचे. बागेतलं झाड वाळलं की आपण दुसरं लावतो, तसंच.

माझ्यापुढचा प्रश्न वेगळा असायला हवा होता. डोहात मासे का उरत नाहीत, आणि जे उरतात ते नेमके कोणते? तो प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारलाच नाही. मला विचारलं होतं ‘पाणी चालेल का’, आणि मी तेवढ्याचंच उत्तर शोधायला मीटर घेऊन गेलो.

पहिली मोजणी

गुरुवार होता. कॉलेजातला पहिला तास संपवून अकराच्या सुमारास डोहावर पोचलो. पाण्याचं तापमान २८ अंश, सामू (पीएच) ८.९, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ९.४ मिलिग्रॅम. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात तो किमान ४ असावा लागतो. आंघोळीच्या पाण्याला ५. इथे तर ९ च्या वर! मी नानांना फोन करून सांगितलं, ‘ऑक्सिजन भरपूर आहे. हरकत दिसत नाही.’

या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक ती, आणि ती माझी. विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला उभं केलं असतं.

२८ अंश तापमानाच्या पाण्यात, नाशिकच्या उंचीवर, हवेतून येऊन मावणारा ऑक्सिजन साडेसातच्या आतबाहेर असतो. ९.४ हा आकडा हवेतून येणं शक्य नाही. तो पाण्यातच तयार होत होता. शहराच्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद खाऊन शेवाळ माजलं होतं आणि अकराच्या उन्हात ते जोरात ऑक्सिजन सोडत होतं. सूर्य मावळला की तेच शेवाळ, तळाचा गाळ आणि त्यातले जिवाणू मिळून तो ऑक्सिजन ओढायला लागतात. दिवसा आकडा जितका चढा, तितकी पहाटेची घसरण खोल असण्याची शक्यता जास्त. म्हणजे मला जो आकडा दिलासा वाटला, तोच इशारा होता.

८.९ सामूही तेच सांगत होता. शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरून टाकतं, म्हणून सामू चढतो. सामू चढला की सांडपाण्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. २८ अंशांना सामू ७.५ असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम दोन टक्के भाग विषारी रूपात असतो. ९ झाला की तोच ४० टक्क्यांच्या घरात जातो. अशा डोहात माशावर दोन वेळा संकट येतं. पहाटे श्वास कोंडतो आणि दुपारी अमोनियाने कल्ले जळतात. मी गेलो होतो तो या दोन्हींच्या मधला, त्यातल्या त्यात बरा तास.

फोन ठेवला तेव्हा आबा काठावर जाळ्याची शिशाची गोळी बसवत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘मास्तर, दुपारचं काय बघता? पहाटे या. मासा पहाटे मरतो.’

मी म्हटलं, ‘आबा, मीटर आहे ना.’

‘असू द्या. पन्नासेक पिल्लं हाप्यात घालून रात्रभर ठेवा. नाही मेली तर सोडा सगळी.’

हापा म्हणजे बारीक जाळीची, चार बांबूंना बांधलेली मच्छरदाणीसारखी पेटी, उलटी लावलेली. मत्स्यबीज केंद्रात पिल्लं अशाच पेटीत ठेवतात. आबांची सूचना मी ऐकली ती थोडी त्यांचं मन राखायला म्हणून. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

हाप्यातली रात्र

शुक्रवारी नमुन्यादाखल बोटुकल्यांच्या दोन पिशव्या आल्या. ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या डोहात वीस मिनिटं तरंगत ठेवल्या, म्हणजे आतलं-बाहेरचं तापमान सारखं होतं. मग ६० बोटुकली हाप्यात सोडली. चार वाजता सगळी तरतरीत होती. नाना फोटो काढून खूश होऊन गेले.

शनिवारी पहाटे पाच वाजता मी पोचलो तेव्हा आबा आधीच उभे होते. बॅटरीच्या उजेडात हाप्याच्या तळाशी पांढरा थर दिसत होता. मीटर १.३ वर आला होता. साठातली सात जिवंत होती, तीही पृष्ठभागाशी तोंड लावून. हाप्याबाहेर काठालगत चिलापीचा मोठा थवा तसाच तोंडं वर करून होता. पृष्ठभागाचा केसभर जाडीचा थर हवेला लागून असतो, त्यात जरा ऑक्सिजन असतो, आणि चिलापी त्यावर रात्र काढते. मधूनच एखादा मांगूर वर येऊन हवेचा घोट घेऊन खाली जात होता. त्याला पाण्यातल्या ऑक्सिजनची फार गरजच नाही, हवेतून श्वास घेण्याचं वेगळं अंग त्याच्याकडे आहे. मरळही तशीच.

डोहात कोणते मासे का उरले, याचं उत्तर त्या अर्ध्या तासात डोळ्यांसमोर होतं. मी तीन पानी तक्ता करून जे काढलं असतं ते.

तरीही एक शंका राहिली. बोटुकली प्रवासाच्या ताणाने किंवा हाप्यातल्या दाटीने मेली नसतील कशावरून? पहिल्या रात्री तुलनेला दुसरा हापा लावला नव्हता. म्हणून दुसऱ्या पिशवीतली बोटुकली वापरून शनिवारी रात्री दोन हापे लावले. एक त्याच डोहात आणि दुसरा वर, सोमेश्वरच्या बाजूला खडकांमधल्या शांत पण वाहत्या पाण्यात. रविवारी पहाटे खालच्या हाप्यात पुन्हा तीच गत. वरच्या हाप्यात दोन मेली होती, बाकी सगळी ठीक. तिथे पहाटेचा ऑक्सिजन ६ च्या वर होता. खडकांवर आपटणारं पाणी रात्रीही हवा ओढून घेतं, त्याला सूर्य लागत नाही.

पर्याय

रविवारी सकाळी गट काठावर जमला. नानांना हापा दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग चर्चा सुरू झाली, आणि ती सोपी नव्हती.

ठरल्याप्रमाणे डोहातच सोडायचं, हा पर्याय कोणी मांडलाही नाही. पण ‘मग वर सोडू, सोमेश्वरला. तिथे जगतात हे तुम्हीच दाखवलंत’ असं एकाने म्हटलं आणि सगळ्यांच्या माना डोलल्या. खरा निर्णयाचा क्षण हा होता. पाणी चांगलं, मासे जगणार, आईची इच्छा पुरी. नाही म्हणायला कारण काय?

कारण वरचं पाणी रिकामं नव्हतं. शनिवारी संध्याकाळी हापा बांधताना आबांनी जाळ्याच्या दोन फेक्या टाकल्या होत्या. खडकाला तोंडाखालच्या चकतीने चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या, खड्यांखालचे बोटभर पट्टेरी मुरे, चांदीच्या पात्यासारखी अळकुटं, शिंगटा, वाम, दोन-तीन प्रकारच्या खवल्या. जाती मोजताना एका हाताची बोटं पुरली नाहीत. डोहातल्या जाती मोजून त्याच हाताची बोटं उरली होती.

१८३९ मध्ये कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे विज्ञानाच्या खात्यात नोंदवले, तेव्हा कोळी-भोयांच्या तोंडची नावं त्याने तशीच उचलली. म्हणून मळ्याचं शास्त्रीय नाव ‘गारा मुल्या’ आहे आणि मुऱ्याच्या शास्त्रीय नावात ‘मूरे’ आहे. शिंगटी, कोळस, फुलंगी, खुद्री हे शब्द जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या यादीत मराठीतून गेले आहेत. रोहू आणि कटला साइक्सच्या यादीत नाहीत, कारण ते मूळचे उत्तरेच्या गंगेच्या खोऱ्यातले. आमच्या ‘गंगे’त ते माणसांनी आणले. धरणात, तळ्यात त्यांची मत्स्यशेती चालते ते ठीक. पण खडकाळ धारेत जिथे मूळचे मासे कसेबसे टिकून आहेत, तिथे दहा हजार पाहुणे सोडायचे म्हणजे उपकार कोणावर?

हे मी जरा तावातावाने बोललो असणार. एक जण म्हणाला, ‘सर, मासा तो मासा. त्यात कुठलं आलंय परप्रांतीय?’ हशा पिकला. वातावरण निवळलं, मुद्दा मात्र तिथेच राहिला.

मग देशी महसीरचा, म्हणजे खडशीचा, विषय निघाला. खडशी आपल्याच नद्यांतला आणि लोणावळ्याला त्याचं बीज तयार होतं, हे कोणीतरी वाचलेलं. हा विचार मला क्षणभर पटलाही. पण खडशी थंड, वाहत्या, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्याचा मासा, डोहात तो एक रात्र काढणार नाही. आणि ‘देशी’ म्हटलं की कुठेही चालतं असंही नाही. हाच खडशी कावेरीत सोडला गेला आणि तिथे पसरला. तिथल्या कुबडाच्या महसीरवर जे गंडांतर आलं त्याच्या कारणांत या पसरण्याची गणना होते. २०१८ मध्ये त्या माशाची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

शाळामास्तरीण बाईंनी गप्पी मासे सुचवले: डास तरी कमी होतील. गप्पी त्या डोहात नक्की जगले असते. तेही पृष्ठभागाच्या पाण्यावरच तगतात. पण जगतो तो मासा सोडायचा हा निकष धरला, तर चिलापी आणि मांगूर आधीच हजर होते.

राहिला होता धरणाचा किंवा तळ्याचा पर्याय. मत्स्य सहकारी संस्थेमार्फत बीज तिथे सोडता आलं असतं. नानांनी ते एका वाक्यात निकालात काढलं: ‘धरण म्हणजे गंगा नव्हे.’ सार्वजनिक पाण्यात काहीही सोडण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाला विचारायला हवं, हे या सगळ्या चर्चेत कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही.

शेवटी नानांनीच विचारलं, ‘मग सोडायचं काय?’

आबा म्हणाले, ‘पाणी सोडा, नाना. मासा येतो.’

काय केलं

बीज नदीत सोडायचं नाही असं ठरलं. आगाऊ रक्कम परत मिळणार नव्हती, तेव्हा नानांनी बोटुकली दिंडोरी तालुक्यातल्या मेव्हण्याच्या शेततळ्यात पाठवून दिली. नाना माळकरी आहेत. त्या माशांचं पुढे काय झालं ते त्यांनी विचारलं नाही आणि मेव्हण्याने सांगितलं नाही.

वर्षश्राद्धासाठी बाजूला काढलेल्या बाकीच्या पैशातून गटाने एक ऑक्सिजन मीटर घेतला. दर आठवड्याला एक पहाट, एक दुपार, चार जागा: सोमेश्वर, आनंदवल्लीचा फुगवटा, तो डोह आणि त्याच्या वर दोनशे पावलांवर एक नाला मिळतो ती जागा. दोन आठवड्यांत कळलं की नाल्याच्या मुखाशी पहाटेचा ऑक्सिजन डोहापेक्षाही खाली आहे. नाला चालत वर गेलो. अर्ध्या तासावर मलवाहिनीचं एक चेंबर तुंबून उलटं वाहत होतं, बहुधा बरेच महिने. संबंधित कार्यालयात अर्ज दिला, फोटो दिले, पहाटेचे आकडे दिले. मग पुन्हा अर्ज दिला. या भागावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. ज्याने असा अर्ज दिलाय त्याला माहीत आहे, ज्याने दिला नाही त्याला सांगून पटणार नाही.

मधल्या काळात गटाला स्वस्थ बसवेना. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी श्रमदान ठरलं: डोहातल्या पाणवेली काढायच्या. कल्पना चुकीची नाही. पाणवेली पृष्ठभाग झाकते, हवा आत जाऊ देत नाही आणि कुजली की वर्षभराचा गाळ करते. चूक वेळेत आणि पद्धतीत होती. चाळीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरली, मुळं ओढली, तळ ढवळला. काळा गाळ उठला आणि सडक्या अंड्यांचा वास पसरला. तळाशी बंदिस्त असलेला हायड्रोजन सल्फाइड आणि अर्धवट कुजलेला मैला पाण्यात मोकळा झाला, आणि उरलासुरला ऑक्सिजन त्याने खाल्ला. दुसऱ्या पहाटे चिलापीसुद्धा पोट वर करून पडली. ज्या डोहासाठी हे सगळं चाललं होतं, त्यातले उरलेले मासे आम्हीच मारले.

त्या सकाळी कोणी फोटो काढले नाहीत.

पुढे काम बदललं. आवर्तन सुटलं की, आणि तेव्हाच, काठाच्या पाणवेली वरून कापून काढायच्या. पाण्यात उतरायचं नाही, मुळं ओढायची नाहीत. वाहतं पाणी असेल तर उठलेला थोडा गाळ निघून जातो. हे आबांनी आधीच सांगितलं होतं: ‘चिखल उठवू नका’. मायक्रोफोनच्या आवाजात ते राहून गेलं.

निष्पत्ती

चेंबर दुरुस्त झालं, पावसाच्या तोंडाशी. मग जूनमधल्या पहिल्या जोरदार सरींनी नाल्यातला सहा महिन्यांचा गाळ एकदम नदीत आणला आणि पुन्हा काही मासे तरंगले. नाशिककर पहिल्या पावसानंतर हे दरवर्षी बघतात आणि ‘कोणीतरी केमिकल सोडलं’ म्हणतात. कधी सोडलेलं असेलही. या वेळी तरी पहिल्या पाण्याने धुऊन आणलेली घाण एवढं कारण पुरेसं होतं. आमच्या पहाटेच्या आकड्यांत ते सरळ दिसलं.

ऑगस्टात पूर आला, डोह धुऊन निघाला. दसऱ्यानंतर मोजणी पुन्हा सुरू केली तेव्हा डोहात पहाटेचा ऑक्सिजन बहुतेक दिवस ४ च्या वर होता. आबांच्या जाळ्यात अळकुटं आली, दोन वाम मिळाल्या, एक शिंगटा. ही मंडळी कोणी सोडलेली नव्हती. पुराबरोबर वरून आली असतील किंवा पहिल्या पावसात वलगणीला, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध, खालून चढली असतील. चढणीच्या माशाला बंधारा आडवा येतो, पण मोठ्या पुरात बंधारेही पाण्याखाली जातात.

मळ्या आला नाही. तो येणारही नाही. त्याला चिकटायला धुतलेला खडक आणि जोराची धार लागते, डोहाच्या तळाला हातभर गाळ आहे. ऑक्सिजन हवा तेवढा झाला तरी तळ बदलत नाही तोवर त्याची जागा तिथे नाही. गटातल्या काहींना हे अपयश वाटतं, मला नाही वाटत. डोहातले मासे डोहाचे आणि धारेतले धारेचे, त्यांची सरमिसळ झालीच पाहिजे असं काही नाही.

पुढच्या एप्रिलात पाणी पुन्हा खालावलं. पण पहाटेचा नीचांक अडीचच्या आसपास राहिला, आदल्या वर्षीच्या १.३ पर्यंत गेला नाही. चिलापी अजूनही सर्वांत जास्त आहे.

हा फरक चेंबर दुरुस्त झाल्याने पडला की पुरात गाळ वाहून गेल्याने, हे मला ठामपणे सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पावसाळ्यात झाल्या. नाल्याच्या मुखाशी आणि नाल्याच्या वर, अशा दोन जागा आधीपासून मोजत असतो तर सांगता आलं असतं. नाल्याच्या वरची जागा आम्ही धरलीच नाही, कारण तिथे काठावर काटेरी झाडी आहे आणि पहाटे पाचला तिथे जायला कोणी तयार नव्हतं. अभ्यासातली अर्धी भोकं अशा कारणांनी पडतात.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट वेळेची. नदीचं पाणी एकदा मोजायचं असेल तर ते सूर्योदयाआधी मोजावं. दुसरी मोजणी जमत असेल तर दुपारी तीनला, सामू आणि अमोनियासाठी. सकाळी अकराचा आकडा हा कार्यालयीन वेळेचा आकडा आहे. त्याने अहवाल भरतो, पण माशाची रात्र त्यात येत नाही. मी गुरुवारी फोन केला त्याऐवजी ‘शनिवारी सांगतो’ म्हटलं असतं, तर नानांनी पाहुण्यांना आमंत्रणं दिली नसती आणि रविवारची चर्चा इतकी अवघड झाली नसती. तज्ज्ञाने हो म्हटल्यावर नाही म्हणणं हे सुरुवातीलाच नाही म्हणण्यापेक्षा फार महाग पडतं.

दुसरं, हापा पहिल्या दिवशीच आणि जोडीने लावायला हवा होता. जाळी, चार बांबू आणि साठ बोटुकली एवढाच तो खर्च. कोणत्याही गटाला, मीटर नसतानाही, हे करता येईल. फक्त मेलेली बोटुकली नदीत टाकायची नाहीत.

तिसरं, आबांना बैठकीत खुर्ची द्यायला हवी होती. ते काठावर उभे राहून बोलले आणि आम्ही सतरंजीवर बसून ठरवलं. पहाटेचं, हाप्याचं, गाळाचं, तिन्ही गोष्टी त्यांनी आधी सांगितल्या होत्या, आणि तिन्ही वेळा त्यांचा अर्थ आम्हाला उशिरा कळला. त्यांच्याकडे आकडे नव्हते एवढंच.

श्रमदानाबद्दल मी आजही दुहेरी मनाने आहे. त्या दिवशी मासे मेले हे खरं. पण त्याच चाळीस माणसांपैकी सहा जण आता पहाटे मीटर घेऊन येतात, आणि वास नाकात गेला नसता तर ती आली असती का, मला शंका आहे. तरी पुन्हा करायची वेळ आली तर मी ते उन्हाळ्यात होऊ देणार नाही. कार्तिकात, वाहत्या पाण्यात, काठावरून.

नानांशी माझं अजून पूर्ण जुळलेलं नाही. मीटर त्यांच्या पैशाचा आहे, त्यावर त्यांच्या आईचं नाव आहे, पण मोजायला ते स्वतः येत नाहीत. गेल्या महिन्यात मात्र रामकुंडाच्या वरच्या अंगाला दिसले. हातात कणकेच्या गोळ्या होत्या. मला बघून म्हणाले, ‘सर, आज दोन आले खायला. छोटे होते, पांढरे. ते कोणते?’

मी म्हटलं अळकुटं असतील, पण पाण्याबाहेर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आवर्तन सुटायच्या आदल्या पहाटे त्या जागीही मीटर टाकायचं ठरलंय. नाना म्हणाले, बघू, जमलं तर येतो.